कंपनी बुडाली, मग व्हर्जिनिया तरली कशी?

खोपा

गेल्या शनिवारी आई-बाबांना घेऊन जेम्सटाउनला, म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनियात इंग्रजांनी पहिली वसाहत केली तिथे, जाऊन आलो. रिचमंडपासून तासाभराचा रस्ता, पण इथे राहून सहा वर्षं झाली तरी जाणं झालं नव्हतं. घराजवळचं देऊळ राहूनच जातं, तसं.

तिथे १६०७ साली आलेल्या तीन जहाजांच्या प्रतिकृती आहेत. सगळ्यात मोठ्या 'सुझन कॉन्स्टंट'च्या पोटात उतरताना बाबांचं कपाळ तुळईवर असं आपटलं की इतिहास तिथेच ठसला. त्या अंधाऱ्या, बुटक्या जागेत माणसं साडेचार महिने राहिली होती. आईने आत डोकावलं आणि म्हणाली, "आपल्या गणपती स्पेशलचा जनरल डबा बरा."

पण खरा प्रश्न तिने परतताना गाडीत विचारला. तिने ३२ वर्षं पतपेढीत हिशेब लिहिले आहेत, त्यामुळे राजा-राणीपेक्षा ताळेबंदात रस. "ही कंपनी होती ना? मग भागधारकांना काय मिळालं?"

घरी येऊन शोधलं. व्हर्जिनिया कंपनीला १६०६ मध्ये सनद मिळाली. एक शेअर साडेबारा पौंडांचा. पैसे कमी पडले म्हणून १६१२ पासून लॉटऱ्या काढल्या. नफा वाटायची वेळ आली तेव्हा तिजोरीत रोकड नाही, म्हणून शेअरमागे १०० एकर जमीन दिली. १६२४ मध्ये राजाने सनदच काढून घेतली. थोडक्यात, कंपनी बुडीत. पण वसाहत चालू राहिली, वाढली, श्रीमंत झाली. बुडीत धंद्यातून हे कसं झालं? पैसा कोणाचा गेला आणि कोणाचा झाला? जाणकारांनी सांगावं, आईला उत्तर द्यायचं आहे.

खारीबिस्कीट

रुमाल टाकून ठेवतो. आणि काकूंना साष्टांग नमस्कार, आमच्या सोसायटीच्या ऑडिटला पाठवा त्यांना.

डोंगरवाट

छान विषय. पहिली गोष्ट ही की हे लोक तंबाखू लावायला गेलेच नव्हते. स्पेनला मेक्सिको-पेरूत सोनं-चांदी सापडली होती, आपल्यालाही सापडेल या आशेवर गेले. १०४ जणांत 'जंटलमन' म्हणवणाऱ्यांचाच भरणा, म्हणजे ज्यांनी हातात कधी कुदळ धरली नव्हती. कॅप्टन न्यूपोर्टने चकाकणारी माती जहाजात भरून लंडनला नेली, ती मातीच निघाली. मग काच करून पाहिली, डांबर करून पाहिलं, रेशमासाठी तुतीची झाडं लावायचे हुकूम निघाले. एकही धंदा धड लागला नाही.

१६०९-१० च्या हिवाळ्याला तिथे 'उपासमारीचा काळ' म्हणतात. वस्ती साधारण ५०० माणसांची होती, वसंतात साठेक उरली. घोडे खाल्ले, मग कुत्री-मांजरं, उंदीर, साप, शेवटी जोड्यांचं चामडं उकळून.

वसाहतीतल्या जॉन रॉल्फने १६१२ च्या सुमारास वेस्ट इंडीजकडचं बी आणून लावलं. स्थानिक तंबाखू जहाल होता, हा गोडसर. इंग्लंडमध्ये स्पॅनिश तंबाखूची चटक लागलेलीच होती. १६१७ मध्ये नवा गव्हर्नर आला तेव्हा जेम्सटाउनच्या बाजारपेठेत आणि रस्त्यांवरसुद्धा तंबाखू लावलेला होता म्हणे. चर्च पडायला आलेलं, कुंपण मोडलेलं, पण तंबाखू जोरात!

खारीबिस्कीट

एक बाळबोध शंका. समोर नदी, पलीकडे समुद्र, आणि माणसं उपाशी मेली? मासे काय संपावर होते?

नाखवा

@खारीबिस्कीट, मासा पाण्यात असणं आणि ताटात असणं यात जाळं, होडी आणि हंगाम येतो राव. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या शाकारल्या की दारात समुद्र असून सुकटच खातो ना आपण?

जागाही वाईट निवडली होती. स्पॅनिश जहाजांपासून लपायला सोयीचं, पण दलदलीचं बेट. उन्हाळ्यात नदीचा जोर कमी झाला की खारं पाणी वर चढतं. तेच प्यायचे. हगवण, ताप, त्यात माणसं गेली. जुन्या सायप्रस झाडांच्या वलयांवरून असंही दिसलं आहे की १६०६ ते १६१२ तिथे भयंकर दुष्काळ होता. म्हणजे शेजारच्या मूळ रहिवाशांकडे, पोहाटनांकडेच मका कमी, ते यांना काय देणार? आणि त्या हिवाळ्यात त्यांनी किल्ल्याला वेढाच घातला होता. बाहेर पडला तो मेला.

सुमेधा_के

वेढा घातला तो का, हेही सांगायला हवं. त्या भागाला तिथले लोक त्सेनाकोमाका म्हणत. तीसेक जमातींचं ते राज्य, प्रमुख वाहुनसेनाकॉ, ज्याला इंग्रज पोहाटन म्हणत. आरंभी त्यांनी मका दिला, बदल्यात तांबं घेतलं. तांब्याला त्यांच्याकडे मान होता, सरदारांच्या अंगावर दिसायचं. पण जहाजावरचे खलाशी रात्री गुपचूप आपापलं तांबं विकायला लागले, आणि काही महिन्यांत तांब्याचा भाव कोसळला. आधी चिमूटभर तांब्यात टोपलंभर मका यायचा, पुढे पसाभर तांबं दिलं तरी येईना. वसाहतीचा एक पुढारी जॉन स्मिथ याने याबद्दल चरफडून लिहिलं आहे. विकत मिळेना तेव्हा हे लोक बंदुका घेऊन मका काढायला गावांत जाऊ लागले. वेढा त्याचं उत्तर होतं.

जेम्सटाउनलाच २०१२ मध्ये कचऱ्याच्या एका जुन्या तळघरात साधारण १४ वर्षांच्या इंग्रज मुलीची कवटी सापडली. हाडांवर सुरीचे वार होते, मेल्यानंतर मांस काढल्याचे. संशोधकांनी तिला 'जेन' नाव दिलं. तिचा चेहरा घडवून म्युझियममध्ये ठेवला आहे. @खोपा, पाहिला असशील.

खोपा

पाहिला. ('असशील' नाही, 'असशीलच' म्हण, त्या काचेसमोरून आई हलेना.) बाबा बाहेर जाऊन बसले.

निपाणीचा पाहुणा

तंबाखूचा विषय निघाला म्हणून लिहितोय, एरवी वाचनमात्र असतो. आमच्या घरात तीन पिढ्या हे पीक होतं. तंबाखू लावणाऱ्याला सुट्टी नसते. आधी वाफ्यात तरू टाका, मग एकेक रोप हाताने लावा. वाढलं की शेंडा खुडा. शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात, ते आठवड्याला मोडा. अळी वेचा. हाताला काळा चीक बसतो तो रॉकेलनेही सुटत नाही, आणि त्या हाताने भाकरी खाल्ली की घास कडू. लहानपणी मला वाटायचं भाकरीच कडू असते.

व्हर्जिनियातही अगदी हेच, फक्त आम्ही पानं उन्हात रानातच वाळवतो आणि ते छपराखाली टांगायचे. मग पिंपात दाबून भरायचं आणि पिंप लोळवत नदीकाठी न्यायचं. यात यंत्र नाही, बैलाचंही काम फारसं नाही. सगळी माणसाची बोटं. म्हणून तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी मजुरीत दिसतं. जमीन फुकट होती, गिऱ्हाईक तयार होतं. कमी होते ते हात.

आणि भाव! तो तर आमच्या ओळखीचाच. १६१९ मध्ये त्यांच्या पहिल्या विधानसभेने उत्तम पानाला पौंडभर वजनामागे ३ शिलिंग (१२ पेनींचा एक शिलिंग) असा दर बांधला. १६३० च्या आसपास तो एका पेनीवर आला. सगळ्यांनी एकच पीक लावल्यावर दुसरं काय होणार? १९८१ ला निपाणीत आम्ही भावासाठीच हायवेवर बसलो होतो. मी तेव्हा वडिलांच्या खांद्यावर.

डोंगरवाट

निपाणीचा पाहुणा, वाचनमात्र राहू नका हो. वाचनखूण साठवली.

खारीबिस्कीट

ऐकलंय की तिकडे बायकोसुद्धा तंबाखू देऊन मिळायची? आमच्या पानवाल्याला सांगायला हवं. हलकं घ्या.

सुमेधा_के

हलकं घ्यायला जड जातंय, पण माहिती देते. १६२०-२१ मध्ये कंपनीने लग्नाच्या मुली पाठवल्या. ज्याला लग्न करायचं त्याने प्रवासखर्चापोटी कंपनीला आधी १२० पौंड, पुढे १५० पौंड चांगलं पान द्यायचं. मुलींना नकार द्यायची मुभा होती, निदान कागदावर. हुंडा उलट्या दिशेने म्हणा हवं तर. पण त्यातल्या बऱ्याच जणी १६२२ च्या हल्ल्यात आणि मागच्या रोगराईत गेल्या असणार. २२ मार्च १६२२ ला पोहाटनांनी एका सकाळी ३४७ जण मारले होते.

बिनधास्त बंड्या

एवढं सगळं वाचून एक सोपा धडा दिसतो. १६२० ला मेफ्लॉवर जहाजातून आलेले इंग्रज व्हर्जिनियाच्या उत्तरेला, प्लिमथला उतरले, सगळं सामायिक ठेवलं, उपाशी मेले. १६२३ ला प्रत्येकाला स्वतःचा तुकडा दिला आणि मका पिकला. साम्यवाद फसतो, मालकी चालते. विषय संपला.

डोंगरवाट

बंड्या, विषय आत्ता सुरू झाला. प्लिमथचं 'सामायिक' म्हणजे कम्युन नव्हतं. ते लंडनच्या व्यापाऱ्यांशी केलेलं भांडवली कंत्राट होतं. सात वर्षं सगळ्यांचं उत्पन्न एका गाठोड्यात, मग वाटणी. मुळात सावकाराच्या वसुलीची ती सोय. माणसं आळसावली ती 'आपलं सगळ्यांचं' म्हणून की 'लंडनच्या शेठजीचं' म्हणून, ते तूच ठरव. शिवाय १०२ प्रवाशांपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले, शेताची वाटणी कशी आहे हे कळायच्याही आधी.

१६२३ ला वाटलेल्या तुकड्यांनी पीक वाढलं, तिथला गव्हर्नर ब्रॅडफर्ड याने तसं लिहिलं आहे, हे मान्य. पण कर्ज काही मक्याने फिटलं नाही, बीव्हर या नदीकाठच्या केसाळ प्राण्याच्या कातड्यांनी फिटलं. लंडनमध्ये बीव्हरच्या केसांच्या टोप्यांची फॅशन होती. १६२१ मध्ये 'फॉर्च्यून' जहाजातून पहिला माल धाडला, फळ्या आणि दोन पिंपं कातडी, साधारण ५०० पौंडांचा. वाटेत फ्रेंचांनी लुटला! पुढे वसाहतवाल्यांनी १८०० पौंडांना व्यापाऱ्यांचा हिस्सा विकत घ्यायचं ठरवलं, ते फेडता फेडता वीस वर्षं गेली.

बिनधास्त बंड्या

बरं, 'सावकारी फसते' असं म्हणतो. दोन्ही बाजू खूश?

नाखवा

अवांतर: उत्तरेकडे नाण्यांची एवढी टंचाई होती की मॅसॅच्युसेट्समध्ये १६३७ ते १६६१ शिंपल्यांचे मणी कायदेशीर चलन होते. त्याला वाम्पम म्हणत. किनाऱ्यावरचे मूळ लोक ते घडवायचे, जांभळा मणी पांढऱ्याच्या दुप्पट भावाचा, कारण शिंपल्यात जांभळा भाग थोडाच असतो. आपण 'कवडीमोल' म्हणतो तेव्हा विसरतो की कवडी खरंच चलन होती, मालदीवहून बंगालात जहाजं भरून जायची.

१६५२ ला बॉस्टनने स्वतःची टांकसाळ काढली. पुढे नाणी कधीही पाडली तरी बहुतेकांवर साल १६५२ च. राजाच्या परवानगीशिवाय नाणी पाडणं गुन्हा, आणि १६५२ मध्ये इंग्लंडला राजाच नव्हता. विचारलंच तर "तेव्हाची आहेत साहेब" म्हणायला मोकळे, असं लोक सांगतात.

आणि सुक्या कॉडचा व्यापार! चांगला मासा स्पेनला, आणि मोडका, खराब मासा बार्बाडोसला, उसाच्या मळ्यांतल्या गुलामांना खायला. न्यू इंग्लंडवाले, म्हणजे हे उत्तरेकडचे, 'आम्ही कष्टाळू, धर्मभीरू' म्हणतात, पण त्यांचा खारवलेला मासा कोणाच्या पोटात जायचा ते विचारत नाहीत.

रानपाखरू

पुस्तकी आकड्यांतून एक माणूस काढून दाखवते. रिचर्ड फ्रेथॉर्न नावाचा पोरगा, करारी नोकर. करारी नोकर म्हणजे जहाजाचं भाडं मालकाने भरायचं आणि बदल्यात चार ते सात वर्षं बिनपगारी राबायचं. हा करारनामा एकाच कागदावर दोनदा लिहून मधून नागमोडी कापत, एक तुकडा मालकाला, एक नोकराला. भांडण झालं तर दाते जुळवून बघायचे.

तर या रिचर्डने १६२३ च्या वसंतात आई-बापाला पत्रं लिहिली. जहाजातून उतरल्यापासून वाटाणे आणि पाणीदार पेजेशिवाय काही खाल्लं नाही. हरणाचं मांस म्हणतात ते दृष्टीलाही पडलं नाही. त्याचा झगा त्याच्याच सोबत्याने चोरून विकला. मला सोडवा, पैसे भरा, नाहीच जमलं तर निदान चीज पाठवा, विकून पैसे करीन. हातपाय तोडून घ्यावेत पण इंग्लंडात भीक मागावी असं वाटतं, असंही लिहितो.

पत्रं लंडनच्या कागदपत्रांत राहिली. त्याच्या घरचं चीज पोचलं नसावं.

खारीबिस्कीट

विनोद सुचला होता, प्रतिसाद काढून टाकला आहे.

तिठा

याला जोडून. ज्याने कोणाचं भाडं भरलं त्याला माणसामागे ५० एकर मिळत. म्हणजे नोकर आणायचा, त्याच्या नावावर स्वतः जमीन घ्यायची, वर त्याच्याकडून तंबाखू पिकवून घ्यायचा. नोकर मेला तरी जमीन कायम. १६३५ च्या अशा एका यादीत जॉर्ज मेनेफी या मळेवाल्याने आणलेल्या माणसांत 'टोनी, ईस्ट इंडियन' अशी नोंद आहे. मेफ्लॉवरनंतर पंधरा वर्षांत आपला माणूस तिथे!

बिनधास्त बंड्या

नक्की गोव्याचा. टोनी डिसोझा. फॉरवर्ड तयार करतो.

सुमेधा_के

कृपा करून नको. 'ईस्ट इंडियन' एवढाच शिक्का आहे. खरं नाव नाही, गाव नाही. कोकण असेल, बंगाल असेल, आणखी पूर्वेचं काही असेल. टोनी हे नावही कोणीतरी दिलेलं. त्याच्या पदरी काय आलं, तर मेनेफीच्या ५० एकरांतली एक ओळ.

तिठा

मान्य, 'आपला माणूस' घाईत लिहिलं. पण भारताशी पक्का धागा हवा असेल तर माणसंच बघा. सर थॉमस स्मिथ ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर, तोच व्हर्जिनिया कंपनीचा खजिनदार. व्हर्जिनियात फटके मारून शिस्त लावणारा सर थॉमस डेल नंतर ईस्ट इंडिया कंपनीचं आरमार घेऊन आला आणि १६१९ मध्ये मछलीपट्टणला मेला. ती चकाकती माती नेणारा कॅप्टन न्यूपोर्ट जावातल्या बांटमला मेला. लंडनच्या त्याच गल्लीतले तेच शेठ, तेच कप्तान.

आणि ही घ्या मिठाई. व्हर्जिनियाच्या १६०६ च्या सनदेत जमीन 'केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच जहागिरीच्या' धाऱ्याने दिली आहे. १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड खंडाने दिली, त्या सनदेतही तेच शब्द, ईस्ट ग्रीनिच! कायद्याच्या भाषेत माहीम आणि जेम्सटाउन दोन्ही लंडनशेजारच्या एका जहागिरीचे शेतमळे.

खारीबिस्कीट

म्हणजे आमच्या दादरच्या १८० चौरस फुटांचं भाडं ग्रीनिचला जायला हवं होतं. मालकाला सांगतो, पुढच्या महिन्यापासून तिकडेच पाठवतो.

डोंगरवाट

तिठा यांना दंडवत. आता मूळ प्रश्नाकडे येऊ, नाहीतर खोपाताईंच्या आई रागावतील.

निपाणीच्या पाहुण्यांनी बरोबर पकडलं, हात कमी होते. कंपनीच्या काळात जवळपास सहा हजार माणसं व्हर्जिनियात पाठवली गेली आणि १६२५ च्या शिरगणतीत उरली बाराशेच्या आसपास. इतकी माणसं मरायला पाठवणं हा कंपनीचा खर्च होता. तो भागधारकांनी सोसला. पाया घातला गेला, कंपनी गेली, आणि पुढची मलई तिघांनी खाल्ली. एक, मोठे मळेवाले, ज्यांना माणसामागे जमीन मिळाली. दोन, लंडनचे व्यापारी, जे उधारीवर माल देऊन तंबाखू उचलत. तीन, राजा. जेम्सने १६०४ मध्ये तंबाखू हे नरकाच्या धुरासारखं म्हणून पुस्तिका काढली होती, पण जकात मात्र मनापासून घेतली.

नोकर सात वर्षं जगायला लागले तशी नवी अडचण आली. सुटलेल्या नोकराला चांगली जमीन उरलेली नव्हती. १६७६ मध्ये बेकन नावाच्या मळेवाल्याने गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात असलेच लोक हत्यारं घेऊन उभे राहिले, गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र. जेम्सटाउन जाळलं. त्यानंतर मळेवाल्यांचा कल आफ्रिकेकडे झपाट्याने झुकला.

रानपाखरू

झुकायची सोय आधीच करून ठेवली होती पण. ऑगस्ट १६१९ मध्ये पॉइंट कम्फर्टला एका चाच्यांच्या जहाजाने अंगोलाकडचे वीसेक लोक आणले. पोर्तुगीज जहाजातून लुटलेले, आणि इथे दिले ते अन्नधान्याच्या बदल्यात. आरंभी कायदा संदिग्ध होता. अँथनी जॉन्सन नावाचा आफ्रिकी माणूस सुटला, १६५१ मध्ये त्याच्या नावावर २५० एकर होते. १६५६ मध्ये एलिझाबेथ की हिने बाप इंग्रज असल्याच्या आधारावर कोर्टात स्वातंत्र्य मिळवलं. सहाच वर्षांनी, १६६२ मध्ये, कायदा आला: मूल आईच्या दर्जाचं. ती वाट बंद. आणि मालकाने गुलाम बाईपासून पोर केलं तर त्याच्या मालमत्तेत भर. हा ताळेबंद काकूंना दाखव, खोपा. जमा बाजूला काय काय लिहिलंय ते त्यांना एका नजरेत कळेल.

निपाणीचा पाहुणा

वाचून बराच वेळ काही लिहवेना. आमच्याकडे चीक निदान आपल्या हाताला लागायचा.

खोपा

सगळ्यांचे आभार. रात्री जेवणं झाल्यावर धागा आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने मधेच वही मागवली. डाव्या बाजूला भागधारक, नोकर, अंगोलाचे लोक, टोनी. उजवीकडे मळेवाले, व्यापारी, राजा. मग पेन थांबवून विचारलं, "आणि ज्यांची जमीन होती ते कुठल्या रकान्यात?"

ते मला इथलं माहीत आहे, म्हणून सांगते. १६४६ च्या तहात पोहाटनांना इंग्रज गव्हर्नरला दरवर्षी २० बीव्हर कातडी द्यायला लावली. पामंकी आणि मॅटापोनाय या जमाती अजून आहेत, आमच्या घरापासून फार लांब नाहीत. दर थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी रिचमंडला गव्हर्नरच्या घरासमोर ते शिकार केलेलं हरीण आणून देतात. तहाचा शब्द पाळायचा म्हणून, पावणेचारशे वर्षं.

आईने रकाना आखून ठेवला आहे, त्यात काय लिहायचं ते ठरत नाही म्हणते. तिचा मुक्काम डिसेंबरपर्यंत आहे, तेव्हा नोव्हेंबरात जाऊन बघू म्हणतोय. रिचमंडच्या आसपासचं कोणी येणार असेल तर व्यक्तिगत निरोप करा, आमच्या गाडीत दोन जागा आहेत.

खारीबिस्कीट

एक जागा माझी धरा. भाडं तंबाखूत चालेल का?